मंदाताईंचा चार

मंदाताई तोडकर इंग्रजीत बोलत, डचमध्ये भांडत आणि मराठीत मोजत. नेदरलँड्समध्ये सोळा वर्षं काढूनही मोजणीची भाषा त्यांनी बदलली नव्हती. पिपेटने ट्यूबमध्ये थेंब सोडताना त्यांचे ओठ हलत असायचे, आणि जवळ गेलं तर 'एकोणतीस, तीस, एकतीस' असं ऐकू यायचं. मध्येच कोणी काही विचारलं तर त्या डावा हात वर करायच्या. तो हात खाली येईपर्यंत प्राध्यापक असो की पाहुणा, सगळे गप्प उभे राहायचे. मी एकदा विचारलं, इंग्रजीत का नाही मोजत? त्या म्हणाल्या, "इंग्रजीत मोजलं की तो आकडा मला खरा वाटत नाही रे. कुणीतरी येऊन सांगितल्यासारखा वाटतो."

बार्शीजवळच्या एका गावात त्यांचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते आणि या त्यांच्याच वर्गात. चुकीच्या आकड्याला वर्गात सगळ्यांना एक छडी आणि स्वतःच्या मुलीला दोन, असा त्यांचा न्याय. मंदाताई हे हसत सांगायच्या. मला मात्र त्या गुरुजींचा राग यायचा, कारण त्या दोन छड्यांची सवय बाईंना आयुष्यभर पुरली होती. प्रत्येक गोष्ट त्या दोनदा करत. घराचं कुलूप दोनदा ओढून बघत, ईमेल दोनदा वाचून पाठवत, आणि प्रयोग तर दोनदा केल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलतसुद्धा नसत. कोणी उत्साहाने एखादा नवा निकाल दाखवायला आलं की त्यांचा एकच शब्द ठरलेला: "परत." हा शब्द आमच्या गटातल्या स्पॅनिश आणि चिनी मुलांनाही मराठीतच पाठ झाला होता.

मी काही जीवशास्त्रातला माणूस नव्हे. पुण्यात बँकांची सॉफ्टवेअरं सांभाळली, मग दोन वर्षं आइंडहोवनला काढली आणि शेवटी अ‍ॅमस्टरडॅमच्या कडेला असलेल्या एका संशोधन संस्थेत डेटा सांभाळायच्या कामावर लागलो. इथे यंत्रातून झाडांच्या जनुकांची अक्षरं कोट्यवधींनी बाहेर पडतात आणि त्यातून अर्थ काढणारा माणूस लागतो, तो मी. मंदाताई तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या. ठेंगण्या, केस कानाच्या पाळीपर्यंत कापलेले, आणि अंगात बारा महिने एकच करड्या रंगाचं स्वेटर. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, "प्रसाद" असं मी सांगितलं, आणि त्या क्षणापासून त्यांनी मला 'कंप्युटर' म्हणायला सुरुवात केली.

त्याच दिवशी त्या मला प्रयोगशाळा दाखवत होत्या. एका टेबलाभोवती निळ्या चिकटपट्टीची चौकट होती. मी सवयीने त्यावर हात टेकला.

"हात काढ," त्या म्हणाल्या. "सोवळं आहे."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पेशी जनुकातला मजकूर उतरवून जी चिठ्ठी पाठवते तिला आरएनए म्हणतात, ती फार नाजूक असते, आणि आपल्या बोटांच्या घामात तिला खाऊन टाकणारी द्रव्यं असतात. एक बोट लागलं की महिन्याची मेहनत गेली. म्हणून त्या टेबलावरचे पिपेट वेगळे, हातमोजे वेगळे, पाणीसुद्धा वेगळं. "आता याला दुसरा शब्द सांग बघू," त्या म्हणाल्या. मला सुचला नाही. तिथल्या कोणालाच सुचला नव्हता, कारण चौकटीवर रोमन अक्षरांत 'सोवळं' असं छापील लेबल लावलेलं होतं. मी विचारलं, घरीही पाळता का? "घरी? घरी मी आंघोळीच्या आधी दोन कप चहा पिते."

ते लेबल छापलं होतं हेंकने. हेंक आमचा तंत्रज्ञ, सगळ्या रोपांचा पालक. साडेसहा फूट उंच, साठी ओलांडलेला, उत्तरेकडच्या काचघरवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. एकतीस वर्षांच्या नोकरीत आपल्या हातून एकही ट्रे चुकला नाही, असं तो पाहुण्यांना ओळख करून देतानाच सांगायचा. कोणाची कसलीही चिठ्ठी आली की ती भोकं पाडून फाइलला लावायची, हा त्याचा धर्म. मंदाताईंचं त्याच्याशी रोज भांडण व्हायचं, तेही डचमध्ये, कारण हेंकला इंग्रजीत भांडता येत नसे आणि एकतर्फी भांडणात बाईंना रस नव्हता. पाणी किती घालायचं, खिडकी किती उघडायची, रोपं वाढवायच्या कपाटाचं तापमान अर्ध्या अंशाने का घसरलं. भांडून झालं की दहाच्या कॉफीला दोघं शेजारी बसत. त्या घरचा चिवडा आणत. हेंक तो चमच्याने खायचा आणि शेंगदाणे एका बाजूला काढून शेवटी खायचा. "लहान मूल आहे ते," त्या मला मराठीत सांगत, आणि हेंक विचारायचा, "काय म्हणाली?" मी म्हणायचो, चिवडा संपलाय म्हणाली.

त्यांचं काम काय, हे मला त्यांनी असंच कॉफीवर समजावलं. प्रत्येक पेशीत जनुकांच्या अधेमधे काही तुकडे असतात, त्यांना एका जागी बसवत नाही. उठायचं, स्वतःची नक्कल करायची आणि दुसरीकडे जाऊन घुसायचं. जिथे घुसतील तिथलं चालू काम बिघडवायचं. मंदाताई त्यांना 'उनाड' म्हणत.

"मक्यात तर निम्म्याहून जास्त माल या उनाडांचाच आहे."

"मग मका जगतो कसा?"

"कडी लावून. पेशी प्रत्येक उनाडाला रसायनाची एक बारीक कडी लावून ठेवते. पिढ्यान्‌पिढ्या गप्प. पण ऊन वाढलं, पाणी तुटलं, ताण आला, की पेशीची धावपळ होते आणि कड्या सैल पडतात. मग बाहेर पडलेल्या उनाडांना हुडकायला पेशी बारके बारके आरएनए पाठवते आणि पुन्हा कड्या घालते. कोणाला वेळेत घालता येतात आणि कोणाला नाही, एवढंच मी बघते."

"सोळा वर्षं?"

"कडी फार बारीक आहे रे."

आता त्या सोळा वर्षांतली खरी गोम सांगायला हवी. या सगळ्या काळात मंदाताई कराराने होत्या. आधी चार वर्षांचा करार, मग तीन, मग दोन, मध्ये सहा महिने काहीच नाही, मग पुन्हा दोन-दोनचे. इथे कायमच्या नोकरीला 'फास्त' म्हणतात. नवीन आलेल्या मराठी माणसाला तो शब्द ऐकून हसू येतं, कारण ते फास्त मिळण्याइतकं हळू या देशात दुसरं काही नसतं. दोन हजार वीस साली अखेर आमच्या गटात एक कायमची जागा निघणार होती. आमच्या प्राध्यापिका मार्लूस यांनी मंदाताईंना केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं की एक दणदणीत शोधनिबंध हातात असला तर जागा तुझी, आणि नसला तर हा करार शेवटचा. या वयात दुसरीकडे कोण घेणार होतं? झुइडओस्टमधलं सहाव्या मजल्यावरचं घर, बाल्कनीतला कढीपत्ता, दहाची कॉफी, सगळं त्या एका निबंधावर टांगलेलं होतं. हे मला त्यांनी सांगितलं नाही, हेंकने सांगितलं. हेंकला प्रत्येकाच्या कराराची तारीख पाठ असे.

मार्चमध्ये कोरोनाने सगळं बंद झालं. दुपारी बाराला ईमेल आलं की पाचच्या आत इमारत रिकामी करा, उद्यापासून प्रत्येक गटातला एकच माणूस, तोही फक्त झाडं जगवायला. आमच्याकडून तो माणूस हेंक. मंदाताईंचे बारा ट्रे तयार होते. एकाच बोटभर रोपट्याची बारा वाणं, बारा वेगवेगळ्या प्रदेशांतून गोळा केलेली. सगळी एकेक करून तापवायची आणि कोणाच्या कड्या सैल पडतात ते बघायचं, असा बेत होता. आता वेळ नव्हता. उष्णतेच्या कपाटात एका वेळी तीनच ट्रे मावत. मंदाताईंनी उभ्याउभ्या तीन निवडले: दुसरा, तिसरा आणि चौथा. एक दिवस तापवायचे आणि मग बाराही ट्रेंमधली पानं कापून, गोठवून ठेवायची.

त्या चिठ्ठी लिहीत होत्या तेव्हा मी शेजारी माझा संगणक पिशवीत कोंबत होतो. सुरक्षारक्षक दारात उभा राहून घड्याळ दाखवत होता. तेवढ्यात बार्शीहून भावाचा फोन आला. गुरुजी न्हाणीघरात पडले होते. गावी जायचं त्यांचं एप्रिलचं विमानाचं तिकीट सकाळीच रद्द झालेलं. मंदाताईंनी फोन खांद्यात धरला, "डोक्याला लागलंय का? दादा, डोक्याला लागलंय का ते सांग आधी," असं विचारत चिठ्ठी पुरी केली, ती हेंकच्या टेबलावर ठेवली आणि त्या धावतच बाहेर पडल्या. दोनदा वाचायला तो रक्षक थांबला नसता.

गुरुजी बचावले. मंदाताई मात्र पुढच्याच आठवड्यात तापाने आडव्या झाल्या आणि तीन आठवडे उठल्या नाहीत. मी आणि माझी बायको त्यांच्या दाराशी मुगाच्या खिचडीचा डबा ठेवून, बेल वाजवून, लिफ्टपाशी जाऊन उभे राहायचो. त्या दार उघडून लांबूनच हात हलवायच्या. बोलायला दम नसायचा. एकदा फक्त विचारलं, "हेंकने पानं कापली?" मी म्हणालो, कापली. हेंकच्या नोंदवहीत तसं स्वच्छ लिहिलेलं होतं: तापवलं, कापलं, गोठवलं, चिठ्ठीप्रमाणे.

उन्हाळ्यात थोडी ढील मिळाली आणि तापवलेल्या तिन्ही ट्रेंचे नमुने यंत्रात गेले. डीमनच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, मुलीच्या ऑनलाइन शाळेच्या गोंगाटात मी तो डेटा उघडला. दुसऱ्या आणि तिसऱ्या ट्रेमध्ये अपेक्षेप्रमाणे धिंगाणा होता. कड्या सैल, उनाड बाहेर. चौथ्यात काहीच नव्हतं. न तापवलेल्या रोपात जेवढी शांतता असते तेवढीच. मी मंदाताईंना पडद्यावर आलेख दाखवला तेव्हा त्यांनी तो दोनदा मोठा करून बघितला. मग म्हणाल्या, "चौथं कुठलं आहे ठाऊक आहे का? स्पेनच्या दक्षिणेचं. उघड्या डोंगरावरचं. उन्हात जन्म काढलेलं." सगळं चपखल बसत होतं. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या ऊन सोसलं त्याची कडी उन्हाने निघत नाही. हे कोणी आजवर दाखवलं नव्हतं.

"परत," त्या म्हणाल्या.

पण परत करायला कपाट मोकळं नव्हतं. कामाच्या पाळ्या दोन-दोन तासांच्या, प्रत्येकाची महिनोन्‌महिन्यांची कामं तुंबलेली. मार्लूस म्हणाल्या, आधी निबंध पाठवू, परीक्षक मागतीलच तेव्हा परत करू. जागेची निवड समिती पुढे ढकलली होती, तरी कधीतरी बसणारच होती. मंदाताई दोन दिवस घुटमळल्या आणि हो म्हणाल्या. मी त्यांना ओळखत होतो त्या सगळ्या काळात एकदाच करून पुढे गेलेली ही एकच गोष्ट.

फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडली. कालवे गोठले आणि सगळं अ‍ॅमस्टरडॅम स्केट घालून बर्फावर उतरलं. त्याच आठवड्यात उरलेल्या नऊ ट्रेंचे नमुने यंत्रातून बाहेर आले. हे साधे, न तापवलेले. आठ ट्रे शांत होते. आठव्या क्रमांकाच्या ट्रेमध्ये धिंगाणा होता, अगदी दुसऱ्या आणि तिसऱ्यासारखा.

मी आधी माझ्याच प्रोग्रॅमला शिव्या घातल्या. परत चालवला, फाइलींची नावं तपासली, पुन्हा चालवला. तिसऱ्यांदाही तेच उत्तर आलं. तापल्याशिवाय रोप असं वागत नाही. आठवा ट्रे तापवलेला होता. आणि कपाटात तीनच मावतात, तेव्हा चौथा तापवलेलाच नव्हता. जे न तापवताच शांत राहिलं त्याच्यावर आम्ही बावीस पानं लिहिली होती. निवड समिती पुढच्या गुरुवारी होती.

दोन दिवस मी गप्प बसलो. हे लिहिताना मला अभिमान वाटत नाही. तिसऱ्या दिवशी मंदाताईंना म्हणालो, चालायला या. तेव्हा बाहेर दोघांनाच एकत्र फिरायची परवानगी होती. डीमनच्या बांधावर दीड मीटर अंतर ठेवून आम्ही चालत होतो, खाली गोठलेल्या पाण्यावर मुलं खुर्च्या ढकलत घसरायला शिकत होती. मी एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी जोडलं, "मंदाताई, गुरुवारपर्यंत थांबू. माझा डेटा अजून पक्का नाही असं मी म्हणेन. खोटंही नाही ते. आठच दिवस."

त्या थांबल्या.

"मग आज कशाला सांगितलंस? शुक्रवारी सांगायचं."

मी मफलर नीट करू लागलो.

"माझ्याच्यानं थांबवणार नाही हे तुला ठाऊक होतं. तुला ते ओझं नको होतं, म्हणून माझ्या डोक्यावर ठेवलंस," त्या म्हणाल्या. रागाने नाही, हिशेब तपासावा तशा. मग बर्फाकडे बघू लागल्या. त्यांचे ओठ हलत होते. कशाची मोजणी चालली होती कोण जाणे, करारातले महिने असावेत. "हेंककडे चिठ्ठी असेल," त्या शेवटी म्हणाल्या. "तो फेकत नाही."

हेंकने दुसऱ्या दिवशी सकाळी फाइलमधून चिठ्ठी काढून तिचा फोटो पाठवला. मंदाताईंनी मला व्हिडिओ कॉल लावला आणि फोटो पडद्यावर टाकला. अक्षर छापल्यासारखं सुंदर होतं, जिल्हा परिषदेच्या शाळेतून घोटून आलेलं. वर इंग्रजीत सूचना आणि खाली तापवायच्या ट्रेंचे आकडे:

2, 3, ४

मी ते सहज वाचलं. दोन, तीन, चार. त्यात चूक काय तेच मला कळेना. मग कळलं. दोन आणि तीन आपल्याकडे आणि त्यांच्याकडे जवळजवळ सारखेच दिसतात. चार दिसत नाही. वर जरा उघडा राहिलेला इंग्रजी 8, एवढंच हेंकला तिथे दिसलं असणार. दुसऱ्या कोणालाही तेच दिसलं असतं.

"मी कधी लिहीत नाही असं," मंदाताई म्हणाल्या. "सोळा वर्षांत कधी नाही. वहीत लिहिते माझ्या, पण बाहेर कधी नाही." मग त्या एकदम हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बघ की कंप्युटर. ताण आला आणि माझीच कडी निघाली. दादाचा फोन कानाला, आणि गुरुजींच्या पाटीवरचा चार आला बाहेर."

मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "पण तुम्ही चारच लिहिलाय. तुमचा आकडा बरोबर आहे."

"हेंकला मराठी येतं का?"

"नाही."

"मग चिठ्ठी कोणासाठी होती?"

त्याच दुपारी त्यांनी मार्लूसना सगळं कळवलं आणि निबंध मागे घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन बैठक झाली. चार चौकोन: मार्लूस, हेंक, मंदाताई, मी. हेंकने त्या दिवशी शर्टाची वरची गुंडीही लावली होती. तो पडद्याच्या फार जवळ बसला होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याला एवढंच कळलं होतं की एक ट्रे चुकलाय.

मार्लूस वाईट बाई नव्हत्या. मंदाताईंना जागा मिळावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि म्हणूनच त्यांनी तो प्रश्न विचारला. "हे नीट समजून घेऊ. मंदा, तू चार सांगितला होतास आणि रोपं सांभाळताना आठ उचलला गेला, असं झालं का? कारण तसं असेल तर ही अंमलबजावणीतली चूक आहे, तुझी नाही. समितीला मी तसं लिहू शकते. त्यांना तेवढं पुरेल."

तसंच तर झालं होतं! चिठ्ठीवर चारच होता. कोणाही मराठी माणसाला, पाच वर्षांच्या पोरालाही तो चार दिसला असता. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. हेंकला दोन वर्षांनी निवृत्तच व्हायचं होतं, त्याची नोकरी कुठे जात नव्हती. फार तर पाहुण्यांना सांगायचं ते एक वाक्य गेलं असतं. मी माझा माइक चालू करायला बोट नेलं. समोरच्या चौकोनात मंदाताईंचा डावा हात वर झाला. मोजताना व्हायचा तसाच. मी बोट मागे घेतलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी आठ लिहिला. हेंकने चिठ्ठीत होतं तेच केलं."

हेंकने मोठ्याने श्वास सोडला. तो सगळ्यांना ऐकू आला.

गुरुवारी समितीने जागा दुसऱ्या कोणाला दिली. मंदाताईंचे पाच महिने उरले होते. त्या पाच महिन्यांत त्यांनी काय करावं? चौथं वाण पुन्हा पेरलं. या वेळी ट्रे स्वतः उचलून कपाटात ठेवला, हेंकला शेजारी उभा करून. पानं स्वतः कापली. आणि हे एकदा नाही, दोनदा केलं. दोन्ही वेळा डेटा मीच उघडला. चौथ्याच्या कड्या इतरांसारख्याच सैल पडल्या होत्या. स्पेनच्या डोंगराने त्याला काहीही शिकवलं नव्हतं.

फोनवर हे मीच त्यांना सांगितलं. मला कुठेतरी वाटत होतं की ते वाण शांत राहील, निबंध पुन्हा उभा राहील, कोणीतरी समितीला फोन करील. मंदाताई म्हणाल्या, "बरं झालं. नाहीतर सगळं जग वर्षानुवर्षं चौथ्याला तापवत बसलं असतं." मग म्हणाल्या, "मला वाईट वाटतंय प्रसाद. फार वाईट वाटतंय." नावाने हाक त्यांनी मला पहिल्यांदा मारली. मी फोन हातात धरून बसून राहिलो. मला त्या चिठ्ठीचा, त्या रक्षकाचा, त्या समितीचा, सगळ्यांचाच संताप आला होता.

जुलैअखेर त्यांचा शेवटचा दिवस होता. निरोपाचा समारंभ आत करायला मनाई, म्हणून इमारतीबाहेर सायकलींच्या स्टँडपाशी आम्ही सातआठ जण अंतर राखून उभे राहिलो. मार्लूस चार शब्द बोलल्या. स्पॅनिश मुलगी रडली. मंदाताईंना उत्तरेकडच्या एका बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासायचं काम मिळालं होतं, एका वर्षाच्या करारावर. त्या सगळ्यांना सांगत होत्या की तिथे हवा चांगली आहे.

लोक पांगले. हेंक पुढे आला. त्याने कपाटातली दोन रोपं कागदात गुंडाळून आणली होती. ती त्याने त्यांच्या सायकलच्या टोपलीत नीट बसवली, मग मास्क खाली घेतला आणि घसा साफ केला. त्याने हे पाठ करून आणलेलं असावं.

"मंदा, मला तुझा राग नाही. चूक कोणाच्याही हातून होते. पण नव्या ठिकाणी आकडे जरा नीट लिही. तिथला माणूस कदाचित माझ्याइतका सांभाळून घेणारा नसेल."

मी एक पाऊल पुढे टाकलं. मंदाताईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

"लिहीन, हेंक," त्या म्हणाल्या. "नक्की लिहीन."

त्या सायकलवर बसल्या, चौकातल्या दिव्यापाशी पाय टेकून थांबल्या, हिरवा झाल्यावर डावीकडे वळल्या आणि ट्रामच्या मागे दिसेनाशा झाल्या. हेंक तिकडे बघत उभा होता. त्याचे डोळे भरले होते.

"फार चांगली बाई," तो मला म्हणाला. "फक्त अक्षर वाईट."

मी हो म्हणालो.